बिगुलाचा पोचा

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाने आयुष्यभर पितळेवर हातोडी चालवली होती, पण दोन ओळी लिहायची वेळ आली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वडील अग्निशमन दलात बिगुल वाजवायचे. रविवारी दलाच्या जुन्या वस्तूंच्या दालनात ते स्वतःच्या हाताने बिगुल कपाटात ठेवणार होते आणि शेजारच्या पाटीसाठी 'बिगुल' या नावाचं मूळ मुलाने लिहून द्यायचं होतं. वडिलांचं मन आता जागेवर नसायचं. कधी मुलाला ओळखायचे, कधी धोब्याचा माणूस समजायचे. निदान त्या दिवशी तरी त्यांना सगळं कळावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने मेहुण्याला विचारलं. मेहुणा शिक्षक, त्यामुळे सांगायला बसला की उठायचं नाव नाही. शब्द म्हणे दूरच्या एका जुन्या भाषेतला, अर्थ गोऱ्हा, कारण आधी बैलाचं शिंगच फुंकायचे. बायको शिवणकाम करायची. ती म्हणाली, भरतकामाच्या लांबट काचमण्यांनाही दुकानदार बिगुलच म्हणतो. रोपवाटिकेतल्या बाईंनी तर त्याच नावाचं निळ्या फुलांचं रोपटं हातात ठेवलं. गोऱ्हा, मणी की फूल? बिचाऱ्याचं डोकं पार गरगरायला लागलं.

शेवटी तो बिगुल घेऊन वडिलांकडे गेला. त्यांना खूश करायला त्याने ते आठवडाभर खपून नव्यासारखं लखलखीत केलं होतं. त्याने विचारलं, "बाबा, याला बिगुल का म्हणतात?"

वडिलांनी बिगुल हातात घेतलं. अंगठा नळीवरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग त्यांनी ते परत केलं.

"हे माझं नाही. ज्याचं असेल त्याला देऊन टाक."

मुलगा गोंधळला. बिगुलावर कोरलेलं त्यांचं नाव दाखवलं, तरी ते मान हलवत राहिले. त्यांचा अंगठा मात्र अजून हवेत काहीतरी चाचपत होता. ते पाहून त्याला आठवलं. एका आगीच्या वेळी बिगुल गाडीवरून पडलं होतं आणि नळीला पोचा आला होता. तेव्हापासून त्यांचा अंगठा तिथेच बसायचा. आणि सवयीने, पोचा दिसला की काढायचा, म्हणून याने तो काढून टाकला होता.

त्याने वडिलांना दुकानात नेलं, त्यांचा अंगठा नळीवर ठेवायला लावला आणि खडूने खूण केली. मग हातोडी उचलली. चांगलं पितळ बिघडवायची त्याची ही पहिलीच वेळ.

अंगठा पोच्यात बसला. वडिलांनी मुलाकडे वळून पाहिलं.

"तू काढला होतास ना?" ते म्हणाले. "लहानपणापासून हात स्वस्थ नाहीत तुझे."

त्याला रडू आवरेना. कितीतरी दिवसांनी ते त्याच्याशी, त्याच्याचशी बोलले होते.

पाटीवर त्याने गोऱ्हा, मणी, फूल सगळंच लिहिलं आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: पोचा मुद्दाम ठेवला आहे. कृपया काढू नये.