भिंतीला आलेलं पोट

आमच्या टेकड्या संरक्षित झाल्या तेव्हापासून इथे जागोजागी पाट्या उगवल्या आहेत. फुलं तोडू नका, दगड हलवू नका, पायवाट सोडू नका. श्वास घेऊ नका एवढंच लिहायचं राहिलंय, तेही पुढच्या वर्षी येईल. या पाट्यांमधून मी लोकांना फिरवते. दर रविवारी वीस-पंचवीस जण असतात, बूट कोरे आणि टोप्या त्याहून कोऱ्या. त्यांना झरा दाखवायचा, घारीचं घरटं दाखवायचं आणि शेवटी भिंत.

ही भिंत म्हणजे छातीएवढ्या उंचीची, शंभर पावलं लांब, नुसती दगडावर दगड रचलेली. मध्ये माती नाही की चुना नाही. पाटीवर लिहिलंय, 'सुमारे तीनशे वर्षांपूर्वी अज्ञात कारागिरांनी बांधलेली.' हे वाक्य मी सहा वर्षं न अडखळता म्हणत आले. खरं तर अडखळायला हवं होतं, कारण ते अज्ञात कारागीर रोज सकाळी माझ्याच घरात बसून चहात दोन चमचे साखर जास्त घालून घेतात आणि डॉक्टरांना सांगतात, सोडली म्हणून.

भिंत माझ्या बाबांनी बांधली. बेचाळीस वर्षांपूर्वी, शेजाऱ्याच्या शेळ्या आमच्या रानात शिरायच्या म्हणून. मी तेव्हा तीन महिन्यांची, तिथेच टोपलीत पडलेली, आणि आई दगड उचलून द्यायला, असं घरात सांगितलं जायचं. दगड आणले होते एका पडक्या कोंडवाड्याचे. त्यांच्यावर दगडफुलाचे पांढरे-पिवळे डाग होते, ती बाजू दिसायला बरी म्हणून बाहेर ठेवली. पुढे तज्ज्ञ आले, त्यांनी ते डाग मोजून भिंतीचं वय काढलं आणि तीनशेवर शिक्का मारून गेले. बाबांना कोणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. राहता राहिले मी. भिंत होती म्हणून सहल होती, सहल होती म्हणून माझी नोकरी होती. मीही मूग गिळून बसले.

यंदा भिंतीला पोट आलं. बरोबर मधोमध, पायवाटेच्या बाजूला. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ही पडणार. एखाद्याच्या अंगावर पडणार."

मी रीतसर अर्ज केला. आमच्या कार्यालयातल्या साहेबांना आम्ही पाठीमागे पोटनियम म्हणतो. त्यांचं उत्तर आलं, की संरक्षित वास्तूला हात लावणं गुन्हा आहे, तज्ज्ञ येऊन पाहतील, साधारण दीड वर्ष लागेल.

"भिंतीला तसं कळवा म्हणावं," बाबा म्हणाले.

"तुम्हीच बांधली असं सांगू का?"

"आणि तुझी नोकरी?"

तिथेच घोडं अडलं. याच महिन्यात मी कायम होणार होते, आणि त्यासाठी पोटनियम स्वतः रविवारी माझी सहल बघायला येणार होते. बाबा पुढे काही बोलले नाहीत. बाबा गप्प बसले की मला झोप लागत नाही.

रविवारी झरा झाला, घार झाली. वळण घेतलं तर समोर बाबा. भिंतीचं अख्खं पोट त्यांनी उतरवलं होतं आणि दगड गवतावर आकारानुसार ओळीत मांडले होते, वाण्याच्या दुकानासारखे.

"अहो! तीनशे वर्षांची भिंत आहे ती!" पोटनियमांनी फोन काढला. "पोलिसांना बोलावतो. कोण आहे हा माणूस?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीला ओळख दाखवायची नाही, एकटा दंड भरून मोकळा होईन, असा त्यांचा बेत असणार. माझा हात दगडाखाली सापडला होता. गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती आणि बाप चौकीत गेला असता.

"माझे वडील आहेत ते," मी म्हटलं. "भिंत त्यांनीच बांधलीय. बेचाळीस वर्षं झाली. शेळ्यांसाठी."

गर्दीतल्या एक बाई मघापासून डोळे मिटून भिंतीवर तळवा टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात काढून घेतला.

पोटनियमांनी फोन खाली केला. "म्हणजे या भिंतीला संरक्षणच लागू होत नाही."

"नाही."

"म्हणजे दुरुस्तीलाही हरकत नाही. आणि तुम्ही सहा वर्षं लोकांना..."

"हो."

"मग तुमचं ते कायम होण्याचं..."

"कळलं साहेब."

आता बाबांनी खूश व्हावं की नाही? ते कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "अर्धं खोटं बोलतेय ती."

मग हातातला दगड खाली ठेवून त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "या टोकापासून इथवर माझी भिंत. इथून पलीकडे सगळी हिच्या आईची. आमची पैज लागली होती. दोघं दोन टोकांकडून निघालो, मधोमध आधी कोण पोचतो बघू म्हणून. ती पुढे जायला लागली. लांब दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत घालायची असते, तरच तो धरून राहतो. मी शेवटी शेवटी आडवे लावले. एका दगडात हातभर भिंत झाकते, काम पटपट होतं. तिने बघितलं. म्हणाली, पोट येईल याला. मी म्हटलं, गप बस. जिंकलो. आणि जन्मभर सांगत राहिलो, की ती दगड द्यायला होती."

मला बाबांचा राग आला, खूप राग आला. आई जाऊन सात वर्षं झाली होती. मी पलीकडची भिंत पाहिली. त्या पन्नास पावलांत एक दगड हललेला नव्हता. इतकी वर्षं मी तिच्यासमोर उभी राहून अज्ञात, अज्ञात म्हणत होते.

"आई होती तेव्हा का नाही बोललात?"

"तिला माहीतच होतं की."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या आणि ओळीतला एक लांब दगड उचलला. पोटनियम हळूच म्हणाले, "लांब बाजू आत." मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते दोन पावलं मागे सरकले.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. आईच्या भिंतीपाशी गेले, वरच्या दगडावर थाप मारली आणि पंचवीस लोकांदेखत म्हणाले, "बरं बाई, जिंकलीस."