लपवलेली तीन बटणं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, तरी लमीसची बोटं चुकत नाहीत. सैदा या अरब गावात, बंदरामागे तिचं छपाईचं दुकान आहे. आधी ते तिच्या वडिलांचं होतं. गावात कोणी गेलं की भिंतींवर लावायचे निधनाचे कागद ते छापत. कंट्रोल, शिफ्ट आणि 'नून' हे अरबी अक्षर एकदम दाबलं, की पडद्यावरचं नाव काळ्या चौकटीत छापून येई. त्यांच्या बोटांची ऊब मला अजून आठवते.

मग एकदा त्यांचंच नाव त्या चौकटीत आलं. दुखवट्याला आलेल्या कोणाच्या तरी हातून कडू कॉफी माझ्यावर सांडली. लमीसने मला पुसलं, आणि पडद्यावरच्या खिडकीतून ती काळ्या चौकटीची सोय लपवून टाकली. दिसेनाशी झाली, एवढंच. आत बसून ती सोय माझी बटणं ऐकत होती.

परवा लमीस तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन नवऱ्याच्या नव्या होडीची पाटी करत होती. त्याचं नाव, 'हैसम', एवढंच लिहून झालं होतं.

"अक्षर मोठं काढ गं," शेजारी बसलेली सासू म्हणाली. "कोणाच्या जाळ्यात जायचं ते माशांना वाचता आलं पाहिजे."

लमीस हसली. तेवढ्यात बाळाने दोन्ही तळवे माझ्यावर आपटले. छपाईयंत्र गुरगुरलं. कागद बाहेर आला. काळी चौकट, मधोमध हैसम.

"कुठे आहे तो?" सासूचा आवाज बसला.

"पहाटेच समुद्रावर गेलाय, आई. पाटीविनाच." तिने फोन लावला. लागेना.

"तुझ्या बापाने बोलावलं त्याला."

लमीसने नवऱ्याचं नाव पुसून स्वतःचं लिहिलं आणि ती तीन बटणं मुद्दाम दाबली. दुसरा कागद आला. "बघा आई, मी आहे ना जिवंत? मी ती सोय लपवली होती, काढली नव्हती."

"संध्याकाळ होऊ दे, मग बोलू," सासू म्हणाली आणि कागदांकडे पाठ करून बसली.

लमीसने ती सोय मुळापासून काढून टाकली. ऊन कलल्यावर हैसम दारात उभा राहिला. "अशा काय बघताय दोघी? मासे कमी मिळाले म्हणून?" आईने त्याचा कान धरला तो सोडलाच नाही.

मित्रांनो, नको ते नुसतं नजरेआड करू नका. आणि आम्हा जुन्यांना पुसताना बटणांखालीही पुसा.

बाळाचे तळवे शिफ्टवर आणि 'नून'वर पडले होते. कंट्रोलवर कोणाचंच बोट नव्हतं. ते बटण अजूनही कधी कधी आपसूक खाली जातं, ऊबदार होतं, वाट पाहतं. आता आत ऐकणारं कोणी नाही.