बाद म्हणायचं, मेला नाही

आमच्या अहमदपुरात कबड्डीत कुणी बाद होत नाही, मरतो. ‘मेला रे मेला!’ असं अख्खं मैदान ओरडतं, मेलेला हसत बाहेर बसतो आणि आपल्या संघाने गडी टिपला की जिवंत होतो. मीही असा हजारदा मेलोय. टीव्हीवर मात्र हा शब्द चालत नाही. समालोचनाच्या पहिल्याच दिवशी पुण्याच्या निर्मात्या मॅडमनी बजावलं, “मल्लिनाथ, ‘बाद’ म्हणायचं. गावंढळ वाटतं ते.” ‘करो या मरो चढाई’ मात्र चालते, तिला जाहिरात मिळते ना!

त्याआधी मी लीगमध्ये तीन हंगाम खेळलो. चौथा हंगाम तोंडावर असताना जिल्ह्याच्या सामन्यात गुडघा सुजला. आमचे मार्गदर्शक शेषेराव सरांना म्हणालो, “सर, लई ठणकायलाय.”

“एक इंजेक्शन मार अन् जा. जिगर हाय का न्हाई?”

माईकवरचा माणूसही ओरडला, “पोराची जिगर बघा!” मी गेलो. ती माझी शेवटची चढाई. सरांना त्या वर्षी उत्कृष्ट मार्गदर्शकाचा पुरस्कार मिळाला आणि मी कुबड्या काखेत धरून मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या.

परवा लातूरला मुलींचा अंतिम सामना होता, लातूर विरुद्ध नांदेड. माझा पुढच्या वर्षीचा करार याच सामन्यावर ठरेल, असं मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं. लातूरची मनिषा शेषेराव सरांच्याच हाताखालची. उत्तरार्धात ती वेडीवाकडी पडली. माझं टेबल त्यांच्या बाकाला लागूनच होतं. सर तिच्या गुडघ्याला पट्टी आवळत होते.

“सर, पाय टेकना.”

“एकच चढाई. जिगर हाय का न्हाई?”

मनिषाने माझ्याकडे पाहिलं. माझं लंगडणं सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. “मल्लिदादा,” ती म्हणाली, “जाऊ का?”

‘नको’ म्हणायला किती वेळ लागतो? पण कानातल्या इअरफोनमधून मॅडम ओरडत होत्या, “एका गुणाचा फरक आहे, वातावरण तापवा!” मी माईकचं बटण दाबलं आणि म्हणालो, “बघा, मनिषाची जिगर बघा!”

प्रक्षेपण मैदानातल्या भोंग्यांवरही चालू होतं; सगळं मैदान उठून उभं राहिलं. तिला उत्तर मिळालं होतं. ती गेली, तिघींनी पाय धरला आणि तो कट्‌ आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. पंचाने हात वर केला.

“मेली,” मी म्हणालो.

“बाद! बाद म्हणा!” कानात मॅडम.

“बाद न्हाई, मॅडम. मेली. आम्ही मारली तिला. सरांनी अन् मी.”

एवढं प्रक्षेपणात गेलंच नाही. ‘मेली’नंतर लगेच जाहिरात लागली होती.

संध्याकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो. वर मनिषाचा एक्स-रे चालू होता. सरांचा पत्ता नव्हता; सामना शेवटी लातूरनेच जिंकला होता, ते ढाल घेऊन मिरवणुकीत होते. मॅडमचा फोन आला. आता आपली हकालपट्टी, असं धरूनच मी उचलला.

“काय आवाज लागला हो तुमचा त्या ‘मेली’ला! लोक वेडे झालेत. करार पक्का. पुढच्या वर्षी हा शब्द वापरत जा.”

जिन्यावरून नर्स विचारत होती, मनिषासोबत कोण आहे म्हणून.

मी तिला हाताने थांब म्हणालो आणि फोनवर म्हणालो, “हो मॅडम. थँक्यू.”