घोड्याच्या हाडाची सुई

"नाकाला रुमाल लावून आलो हो!" बारी शहरातून आलेली पाहुणी दुकानाच्या दारातूनच हसत म्हणाली. "आधी बस चुकली, मग चीजवाल्याचं दार बंद, आणि शेवटी काकांनी त्या फुटक्या गटाराच्या गल्लीतून आणलं. चालायचंच, प्रवासात असं होतंच!"

तिचा नवरा पायपुसण्यावर बूट घासत होता. मी ओरेस्तेकाकांकडे पाहिलं. परवापासून सारं पार्मा शहर ती गल्ली टाळून वळसा घालून जात होतं, आणि हा माणूस पाहुण्यांना तिथून घेऊन आला?

ओरेस्तेकाकांनी चाळीस वर्षं तळघरांत मिठात मुरणाऱ्या डुकराच्या मांड्या हुंगल्या. घोड्याच्या हाडाची सुई पाच ठिकाणी टोचायची, नाकाखाली धरायची, आणि मांस मुरलं की सडलं याचा निकाल द्यायचा. निवृत्तीनंतर ते पाहुण्यांना शहर खाऊ घालत हिंडवत, आणि फेरी माझ्या मांसाच्या दुकानात संपे. त्यांनी हुंगल्याशिवाय मी नवी मांडी कधी कापली नाही. त्यांच्या तोऱ्याची मी टिंगल करायची, पण विश्वास अगदी आंधळा.

"काका, हिवाळ्यातली ती सर्दी गेली ना?"

"तू पाव काप, नीवेस. डॉक्टरीण होऊ नकोस."

पाहुणे हसले. मला हसू आलं नाही.

काकांनी छातीच्या खिशातल्या चामडी म्यानातून सुई काढली आणि ठोकळ्यावरच्या नव्या मांडीत टोचली. शेवटची टोच हाडालगत. एरवी एक श्वास पुरायचा. आज डोळे मिटून त्यांनी तीनदा श्वास घेतला.

"उत्तम," ते म्हणाले.

मी सुरी घेऊन वाकले. टोचलेल्या जागेतून सडका भपका येत होता. पाहुणे ताटल्या पुढे ओढून बसलेले. गप्प राहिले तर ते हे खाणार. बोलले तर परक्यांसमोर काकांची आयुष्यभराची अब्रू जाणार.

"अगं बाई! ही तर चर्चच्या जेवणाला ठेवलेली. पाद्रीबाबा जीव घेतील माझा! तुम्हाला कालची कापते."

"चालेल की," पाहुणी म्हणाली.

खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे काकांना माझ्या लहानपणापासून ठाऊक. ते उठले, मांडीवर वाकले, नाक थेट त्या भोकाला टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"नाताळापासून. तू कालची काप, पातळ."

मग त्यांनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

निघताना त्यांनी म्यान माझ्या तराजूशेजारी ठेवलं.

"काका, सुई विसरलात!" पाहुणी म्हणाली.

"विसरलो नाही, बाई."

ती दारात थबकली. "पावसाचा वास येतोय, नाही?"

काकांनी तळहात दाराबाहेर पसरला आणि थेंबाची वाट पाहत उभे राहिले.