काकू, चप्पल उकळली का?

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि पहिल्यापासून भित्रा आहे. हे कबूल करताना मला लाज वाटते, कारण दुसऱ्यांना भिववणं हेच तर माझं काम होतं. केळझरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या वांग्यांच्या शेतात, एका बांबूवर मी चार वर्षं बांधलेला होतो. मला डोळे नाहीत. मी फक्त ऐकतो, आणि ज्याला फक्त ऐकू येतं त्याला भीती जरा जास्तच वाटते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. सिंदी रेल्वे या गावातल्या एका दुकानातून मंदाबाईंनी मला आणलं. माझ्या पोटात बॅटरी होती, मेमरी कार्ड होतं आणि त्या कार्डात वाघाची डरकाळी होती. दर दहा मिनिटांनी मी डरकाळी फोडायचो आणि रानडुकरं धूम ठोकायची. मंदाबाई आपल्या सुनेला, उज्वलाला, कौतुकाने म्हणायच्या, "आपला वाघ चांगला हाय व, खाले नाई मांगत." मी फुगून जायचो. खरं सांगतो, माझीच डरकाळी ऐकून माझा पत्रा थरथरायचा.

तिसऱ्या वर्षी डुकरांना कळलं की हा वाघ जागचा हलत नाही. ती माझ्या बांबूखालीच बसून वांगी खाऊ लागली. त्याच हिवाळ्यात खरा वाघ नाल्याच्या काठाने फिरू लागला. गावातली एक गाय गेली. शेजारच्या शेतातले प्रेमदास बांधावर येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या भोंग्यातला वाघ कोणता न खरा कोणता, आमाले कसं समजन? कापूस वेचाले एकही बाई येऊन नाई राह्यली."

उज्वलाने त्याच दिवशी माझ्यातली डरकाळी पुसून टाकली. तिच्या मोबाइलवर तेव्हा एक चित्र फिरत होतं; ते तिने सासूला इतक्यांदा वर्णन करून सांगितलं की मलाही पाठ झालं. चुलीवर कुकर, कुकरमधून डोकावणारी निळी चप्पल, शेजारी चष्मा लावलेली म्हैस, आणि खाली लिहिलेलं, "काकू, चप्पल उकळली का?" बस, एवढंच. ते पाहून उज्वला पोट धरधरून हसायची. तिने तोच प्रश्न खणखणीत आवाजात माझ्यात भरला.

मंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. "चप्पल उकळते का व कधी? याचा अर्थ काय?"

"अर्थ काईच नाई, आई. म्हनूनच त हासू येते."

"मले त नाई येत बाप्पा."

मलाही येत नव्हतं. काल मी वाघ होतो, आणि आज माझ्या तोंडी चप्पल! डुकरं मात्र माणसाचा आवाज ऐकून पहिल्याच दिवशी पळाली, त्यामुळे मला तक्रार करायला जागा उरली नाही.

प्रेमदासांच्या शेतात बायका परत आल्या, पण जीव मुठीत धरून. मी विचारलं, "काकू, चप्पल उकळली का?" मग कापसातून कुणीतरी ओरडलं, "उकळली, पन मीठ कमी हाय!" आणि बायका हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "चप्पल माहेरी गेली!" तिसऱ्या दिवशी, "थांब, म्हैस चष्मा पुसून राह्यली!"

हे काय चाललंय ते मला हळूहळू समजलं. वाघाचं नाव काढलं की वाघच समोर उभा राहायचा. गप्प बसलं तर तो आणखी जवळ आल्यासारखा वाटायचा. पण उकळलेल्या चपलेपाशी आलं की भीतीला काय करावं ते सुचतच नसे. शिवाय ज्या शेतातून उत्तर आलं तिथे सगळी ठीक आहेत, हे सगळ्यांना कळायचं. संध्याकाळी तर लोक माझ्या आवाजाची वाट पाहू लागले. फक्त मंदाबाईंनी कधी उत्तर दिलं नाही. "मी नाई बाप्पा असं येड्यावानी बोलत," असं त्या म्हणायच्या.

मग पौषातली ती संध्याकाळ आली. उज्वला वांग्यांचे क्रेट घेऊन ऑटोपर्यंत गेली होती. मंदाबाई एकट्याच माझ्याजवळच्या ओळीत वांगी तोडत होत्या. ऊन अजून माझ्या पत्र्यावर होतं. अचानक पाखरं गप्प झाली. नाल्याकाठी एक वानर एकदाच खेकसलं. वांगी तोडण्याचा आवाज थांबला.

आणि शेजारच्या तुरीच्या पिकातून श्वास ऐकू आला.

मित्रांनो, मी तीन वर्षं डरकाळ्या फोडल्या होत्या, पण वाघ इतका सावकाश श्वास घेतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मंदाबाई सरकत सरकत माझ्या बांबूपाशी आल्या आणि त्यांनी तो गच्च धरला. त्यांची थरथर बांबूतून माझ्यापर्यंत पोचत होती. त्यांना ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा येत होती. इकडे माझी दहा मिनिटं भरत आली होती. मी बोललो तर तो इकडे वळेल का? नाही बोललो तर? माझी बॅटरीही उतरलेली. मला पळून जावंसं वाटलं, पण बांधलेला भोंगा पळून जाणार कुठे?

माझा आवाज निघाला तो घोगरा, रडवेला. "काकू... चप्पल... उकळली का..."

मंदाबाई हसल्या. कसं कोण जाणे, पण भीतीने बंद पडलेला त्यांचा गळा त्या वेडगळ प्रश्नाने मोकळा झाला. त्या जीव खाऊन ओरडल्या, "उकळली! वाढू का?"

पलीकडे कुणीही हसलं नाही. प्रेमदासांचा आवाज आला, "मंदावहिनीनं जवाब देला? अरे, कायतरी गडबड हाय! धावा!"

डबे वाजले, काठ्या आपटल्या, दहा-बारा माणसं आरडाओरडा करत आली. तूर सळसळली आणि तो श्वास दूर गेला. नाल्याच्या चिखलात पंजाचे ताजे ठसे सापडले. उज्वला धावत येऊन सासूच्या गळ्यात पडून रडली. मंदाबाईंना मात्र कितीतरी वेळ हसू आवरत नव्हतं, आणि दातावर दातही वाजत होते.

पुढच्या पावसाळ्यात माझ्यात पाणी शिरलं आणि माझा आवाज कायमचा गेला. बांबूवर आता दुसरा भोंगा आहे. मी गाईंच्या कोठ्यात, फुटक्या क्रेटमध्ये पडून असतो. उंदीर माझी वायर कुरतडतात. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली की माझा पत्रा पुन्हा थरथरतो.

वाघ अजून त्या भागात फिरतो. शेतात जाण्याआधी मंदाबाई रोज सकाळी कोठ्यात येतात, माझ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "काऊन रे भोंग्या, चप्पल उकळली का?" त्यांचा आवाज जरासा कापत असतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी वेड्यासारखं काही बोललं, तर लगेच अर्थ विचारू नका. कदाचित ते माणूस घाबरलेलं असेल. त्याला उत्तर द्या, काहीही चालेल. आणि कधी सकाळी आमच्या कोठ्यावरून जाताना तो प्रश्न तुमच्या कानावर पडला, तर माझ्या वतीने मोठ्याने ओरडा. मंदाबाई उत्तरासाठी थोडा वेळ थांबतात.