कातळ्याच्या मिशा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भिंगारमध्ये नवऱ्या सजवायचं माझं पार्लर आहे, आणि नवरी हसली तरी ही का हसली असेल असं माझ्या मनात येतं. त्यामुळे कॉमिक काढणाऱ्या पुण्याच्या करणने आपल्या कॉमिकवरच्या सिनेमाच्या मेकअपसाठी बोलावलं, तेव्हा पुण्यातल्या सगळ्या मेकअपवाल्या सोडून मीच का, हा प्रश्न मी त्याला दोनदा विचारला.

करणच्या कॉमिकमधला खलनायक म्हणजे कातळ्या. दगडाचा माणूस, गुळगुळीत डोकं, तोंडभर भेगा. त्या कामासाठी जिममधली पोरं रांगेने आली, पण करणने निवडला नेवाशाचा टेम्पोवाला गोरक्षनाथ. हा टेम्पोतून खाली उतरला की रस्त्यातली कुत्री बाजूला होतात, म्हणे. जबडा रुंद होता खरा. मी बाजारातून जुना लष्करी रेनकोट आणला, राखाडी रंगात भुसा कालवून त्यावर थापला, आणि कातळ्याचा अंगरखा झाला.

घोडं अडलं मिशांपाशी. डोक्यावर रबरी टोपी ओढता येत होती, पण मिशांवर रबर थापलं की कातळ्याला गांधीलमाशी चावल्यासारखं दिसायचं. लोक घाबरायच्या ऐवजी हसले असते आणि नाव माझं गेलं असतं. मिशा काढ म्हणून करणने विनवण्या केल्या. गोरक्षनाथचा बाप त्याला मिसरूड फुटायच्या आधीच गेलेला, घरात फक्त म्हातारी आई.

"आई हाय माझी," तो म्हणाला. "आई असताना मिशी काढत न्हाईत."

आमच्याकडेही तसंच आहे.

मग एका सकाळी तो डोक्याला उपरणं गुंडाळून आला. उपरणं सोडलं, तर डोकं तुळतुळीत आणि मिशा गायब. करण नाचायचाच बाकी राहिला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. आई कशी आहे, मी विचारलं. बरी हाय म्हणाला आणि आरशातली नजर काढून घेतली. चहा नको म्हणाला. फोन वाजला की कट करत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझे वडील गेले तेव्हा मी एका नवरीला सजवत होते. काम अर्धवट राहायला नको म्हणून घरच्यांनी मला कळवलंच नाही. मी हसत हसत तिची टिकली लावली आणि घरी गेले, तर सगळं उरकलेलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे. याची आई वारली असेल आणि शूटिंगसाठी हा लपवत असेल, तर त्या तोंडाला मी रंग लावणार नव्हते.

ब्रश ठेवला आणि निघाले. शूटिंग नेवाशातच होतं, त्याचं घर हाकेच्या अंतरावर. "अश्विनीताई, नका जाऊ," म्हणत तो मागे आला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

दारात आळी जमलेली. बाया डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या, पुरुष कुजबुजत होते. आत पहिलं कोणी जायचं, एवढंच ठरत नव्हतं. मी वळून गोरक्षनाथला म्हटलं, "आईला आत ठेवून तोंड रंगवायला आलात?"

उत्तर घरातून आलं.

"आनखी एक आली व्हय रडायला?"

त्याची आई, लंकाबाई, खाटेवर बसून बशीतून चहा पीत होत्या. लेकाला न्हाव्याकडून निघताना कुणीतरी पाहिलं आणि म्हातारी गेली असं गावभर केलं. म्हातारीला सगळं ऐकू येत होतं, पण कोण कोण येतंय ते बघायला ती गप बसली होती. माझ्याहून संशयी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मला रडू आलं आणि रागही आला. जिवंतपणी असलं अभद्र का करू दिलंत, मी विचारलं.

"मीच म्हनले काढ," त्या म्हणाल्या. "हा लोकांला काय सांगू म्हनून भेत हुता. पर मी मेल्यावर काढनारच हाय न्हवं? तवा सारा गाव बघंल त्याचं तोंड, मला तेवढं दिसायचं न्हाई. मिसरूड फुटल्यापासनं वरचा ओठ बघितला न्हाई मी त्याचा."

मी माझी पेटी तिथेच मागवली. म्हातारीसमोर लेकाला बसवलं आणि कपाळापासून दगड चढवत आले. भेगा पाडल्या, गाल राखाडी केले. ओठ तेवढा शेवटपर्यंत मोकळा ठेवला.

लंकाबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला.

"बापाचाच हाय," त्या म्हणाल्या. "लाव आता रंग."