गाड्यांच्या पोटाखालचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण तुम्हाला भांग पाडायला मदत करणारा नव्हे. माझी भावंडं कपाटांच्या दारांवर आणि केस कापायच्या दुकानांत गेली. दिवसभर त्यांच्यासमोर माणसं हसतात, मुरडतात, पिकलेले केस उपटतात. मला मात्र कारखान्यातच एका लांब दांड्याच्या टोकाला बसवलं, खाली तीन चाकं लावली आणि तोंड आभाळाकडे करून ठेवलं. तेव्हा वाटलं, आपल्याला चांदण्या बघायच्या असतील. कसलं काय! माझ्या नशिबी आली गाड्यांची पोटं.

माझी नेमणूक सरहद्दीजवळच्या तपासणी नाक्यावर झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दाट जंगल आणि मधून एकच रस्ता. जंगलात बंदुका घेतलेली माणसं राहत. सरहद्दीपलीकडून नशेची पूड येई, ती गाड्यांत लपून शहरांकडे जाई आणि तिच्या पैशातून जंगलात नव्या बंदुका येत. म्हणून प्रत्येक गाडीखाली मला सरकवायचं आणि माझ्यात बघायचं, असं काम होतं.

मला चालवणारे एक हवालदार होते. उंच, किडकिडीत आणि कामाला चोख. रोज सकाळी रस्त्यावर नजर ठेवूनच ते मला स्वतःच्या रुमालाने पुसत. "याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," असं ते सगळ्यांना सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. तरीही खरं सांगू? मला फार एकटं वाटायचं. ते दांडा धरून उभ्यानेच तिरके बघायचे, त्यामुळे माझ्यात फक्त चिखल, तेल आणि गंज. एकही चेहरा नाही.

हवालदारांचे जावई त्याच रस्त्यावर प्रवासी जीप चालवत. सगळ्या गाड्यांखाली जाणारा मी त्या जीपखाली मात्र कधी गेलो नाही. जावयाच्या गाडीला आरसा लावायचा म्हणजे त्याला दारात उभं करून चोर म्हणण्यासारखंच. नाक्यावरचे बाकीचेही हसून आडवा बांबू वर करत. जीप थांबायची ती फक्त चहासाठी.

एकदा चहा पिताना जावई म्हणाले, "मामा, जरा बोलायचं होतं." तेवढ्यात एक ट्रक आला. "एवढी गाडी बघून आलोच," असं म्हणत हवालदारांनी मला ढकलत नेलं. परत आलो तर जावई उठले होते. काही नाही, सहज म्हटलं, असं सांगून ते निघून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. त्या वेळी दुधाचा टँकर आला होता.

मग एका दुपारी नाक्याजवळचा लहान पूल सुरुंगाने उडवला गेला. माझ्या काचेला आरपार तडा गेला. पण माझं काय एवढं, नव्याने रुजू झालेल्या पोराचे दोन्ही पाय गेले. हवालदारांच्या डब्यातली अर्धी पोळी रोज त्याचीच असायची. सुरुंगाचे पैसे पुडीतून आले होते, असं तपासात निघालं. त्यानंतर हवालदारांनी नियम केला की एकही गाडी तपासल्याशिवाय सोडायची नाही.

चार दिवसांनी जीप आली. पुढच्या सीटवर हवालदारांची मुलगी, मांडीवर तिचं लेकरू. हवालदारांनी माझा दांडा धरला.

"बाबा, यांच्या गाडीला आरसा?" ती म्हणाली. मागचे प्रवासी माना वळवून बघू लागले. जावई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

हवालदारांनी दांडा पुढे ढकलला. मी आत गेलो. सगळीकडे वाळलेला चिखल, आणि मधेच नव्या पत्र्याची एक पेटी. तिचे बोल्ट अजून चकचकत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हवालदार हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि जमिनीपर्यंत वाकले. पहिल्यांदाच माझ्यात एक चेहरा आला, आणि तो रडवेला होता. किती दिवस मी चेहऱ्याची वाट बघत होतो! पण असा नको होता.

पेटी फक्त त्यांना आणि मला दिसली होती. मी काही सांगू शकत नव्हतो. "ठीक आहे, जाऊ द्या," एवढं ते म्हणाले असते तर मुलीचा संसार वाचला असता. ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "गाडी बाजूला घ्या, जावईबापू."

पेटीत पूड निघाली. जंगलातल्या माणसांनी रस्त्यात गाठून लेकराला उचलून नेण्याची धमकी दिली होती, असं जावयांनी नंतर सांगितलं. त्यांना शिक्षा झाली. सासरच्यांनी मुलीलाच बोल लावला, म्हणून ती लेकरासह वडिलांकडे आली.

पुढे नाक्यावर मोठं यंत्र बसलं आणि मी अडगळीत पडलो. हवालदार निवृत्त झाले, तेव्हा साहेबांना विचारून मला घरी घेऊन आले. त्यांनी दांडा काढला आणि मला ओसरीच्या भिंतीवर टांगलं. घर म्हणजे माणसं, असं मला वाटलं होतं. पण त्या घरात मुलगी वडिलांशी बोलत नसे. जेवण झालं की ती लेकराला सांगे, "आजोबांना सांग, वाढलंय." लेकरू तीन पावलांवर बसलेल्या आजोबांना जाऊन सांगे. माझ्यासमोर दाढी करताना हवालदार फक्त गालाकडे बघत, डोळ्यांकडे कधीच नाही. नाक्यावर होतो त्याहून मी इथे एकटा होतो, आणि ते माझ्याहून.

अशी वर्षं गेली. लेकरू शाळेत जाऊ लागलं. एक दिवस दारात जावई उभे राहिले. केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि त्यांनी पिशवी उघडून पुढे धरली.

"मामा, आधी तपासून घ्या."

हवालदारांनी पिशवीकडे पाहिलंच नाही. त्यांनी जावयांची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"दोनदा काहीतरी सांगायला आला होतास तू," ते म्हणाले. "मी गाड्या बघत बसलो. आता बोल. आता कुठेही जायचं नाही मला."

जावयांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या तडकलेल्या काचेत दोघांचे चेहरे मावले होते. आत भांडी वाजली. लेकरू आईचा निरोप आणायला आत धावलं, पण निरोप त्याच्या हाती आला नाही. मुलगी स्वतःच दारापर्यंत आली.

"बाबा," ती म्हणाली, "आज चार ताटं वाढते."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. मला पुसा, न पुसा, माझी तक्रार नाही. एवढंच मागतो. घरातलं कोणी "जरा बोलायचं होतं" म्हणालं, तर रस्त्यावरची गाडी थोडी थांबू द्या. गाडीखाली बघायला माझ्यासारखा आरसा पुरतो. चेहऱ्याकडे मात्र माणसानेच बघावं लागतं.